मे महिन्याचे वेळापत्रक कुठून आखावे

एप्रिलअखेर, पेपर अजून चालू असतानाच, महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या बोलण्यात सुट्टीचे तीन बेत हमखास येतात. एखादा क्लास लावायचा किंवा राहिलेला विषय काढायचा, कुठेतरी काम धरून चार पैसे मिळवायचे, आणि जमलेच तर एखाद्या संस्थेसाठी काहीतरी करायचे. तिन्ही बेत चांगले आहेत. जूनमध्ये मात्र बहुतेकांच्या हाती दीडच बेत लागतो: नोकरी पुरी, क्लास अर्धा आणि समाजकार्य पुढच्या वर्षावर. घरचे याला आळस म्हणतात, मुले म्हणतात वेळच पुरला नाही. मला दोन्ही कारणे पटत नाहीत. या तीन कामांना लागणारा वेळ तीन वेगळ्या घडणीचा असतो आणि आपण तो एकाच मापाने वाटायला बसतो, तिथेच हिशेब फिसकटतो.

हिशेब मांडूनच पाहा. शेवटचा पेपर मेच्या पहिल्या आठवड्यात झाला आणि नवे सत्र जूनच्या मध्यावर सुरू झाले असे धरले, तर सुट्टी सहा आठवड्यांची, म्हणजे 1,008 तासांची. रोज आठ तास झोप धरली तर 336 गेले. आंघोळ, जेवण, कपडे, घरची किरकोळ कामे यांना रोज पाच तास, म्हणजे 210. उरले 462. नोकरी आठ तासांची, जाण्यायेण्याला एक तास, आठवड्याचे सहा दिवस: 324 तास. उरले 138. क्लास आणि त्याचा अभ्यास मिळून रोज दोन तास, तेही सहा दिवस: 72. सगळे करूनही 66 तास शिल्लक राहतात आणि कागद बघून कोणालाही वाटेल की यात समाजकार्य आरामात बसेल. पण ते 66 तास आहेत कुठे हे शोधा. सोमवार ते शनिवार चोवीसच्या चोवीस तास वाटले गेले आहेत, एक मिनिटही मोकळे नाही. शिल्लक आहेत ते सहा रविवारचे अकरा-अकरा तास. त्याच रविवारी मावसभावाचे लग्न असते, त्याच रविवारी मित्र भेटायचे असतात आणि आठवड्याची झोपही त्याच दिवशी भरून काढायची असते. शिवाय आठवड्यात एखाद्या दिवशी बस चुकली किंवा मालकाने तासभर थांबवून घेतले, की त्याची भरपाई अभ्यासाच्या दोन तासांतूनच होणार, कारण दुसरीकडे काढायला काही उरलेलेच नाही.

मुलींच्या बाबतीत तर हा हिशेब याहून लवकर कोलमडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा 97 मिनिटे, असे आढळले. 299 मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. वर आपण आंघोळ-जेवणासकट सगळ्याला मिळून धरलेले पाच तास एकट्या घरकामातच संपले. त्यात मे महिना हा वाळवणाचा आणि पाहुण्यांचा. पहाटे चीक शिजवून सात वाजायच्या आत गच्चीवर कुरडया घालायच्या असतील, तर सकाळी सातचा क्लास लावलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात दोन खाडे करते आणि पुढे जाणेच सोडते. तिला वेळेचे नियोजन शिकवणारे पुष्कळ भेटतात. वाळवणाचे चार दिवस कोणते आणि त्या दिवशी भाऊ काय करणार, हे मेच्या आधी घरात विचारून घेणे तिच्या जास्त उपयोगाचे आहे.

आता त्या तीन घडणींकडे वळू. अभ्यासाला वेळ थोडा लागतो, पण रोज लागतो. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करत त्याने दोन गोष्टी दाखवल्या. पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरले जाते. आणि तीच पाठांतरे एका बैठकीत न उरकता काही दिवसांवर पसरली, तर कमी उजळण्यांत काम भागते. पुढच्या शंभरेक वर्षांत या दुसऱ्या गोष्टीला पुन्हा पुन्हा पुष्टी मिळत गेली. म्हणून ‘आठवडाभर नोकरी आणि रविवारी सलग आठ तास अकाउंट्स’ हा बेत दिसायला कष्टाळू असला तरी महागात पडतो. रोजची पाऊण तासाची बैठक त्याहून कमी वेळ घेते आणि जास्त टिकते. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी आणखी एक कामाची गोष्ट दाखवली: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून मग पुस्तक न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. नोकरीला जाणाऱ्याच्या हे पथ्यावर पडणारे आहे. एसटीत उभ्याने वही उघडता येत नाही, पण सकाळी सोडवलेल्या गणिताच्या पायऱ्या मनात लावून पाहता येतात.

नोकरीचा वेळ ठोकळ्यांत येतो आणि त्या ठोकळ्यांच्या कडा दुसऱ्याच्या हातात असतात. कापड दुकानाची वेळ ठरलेली असते. खाद्यपदार्थ पोहोचवण्याच्या कामात खरी कमाई दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणवेळेला असते; मधल्या वेळात ॲप चालू ठेवून झाडाखाली बसावे लागते आणि विदर्भ-मराठवाड्यात मेच्या दुपारी तेही धड जमत नाही. लग्नसराईतले केटरिंगचे काम हजेरीवर मिळते, पैसे रोखीने मिळतात, आणि बहुतेकांना पहिल्यांदा तेच काम सापडते. त्याची वेळ जवळून पाहण्यासारखी आहे. संध्याकाळचे रिसेप्शन असेल तर दुपारी चारला हजर व्हायचे, टेबले लावायची, कापडे चढवायची, सात ते अकरा काउंटरवर उभे राहायचे. शेवटची पंगत उठल्यावर भांडी मोजून टेम्पोत चढवायची आणि घरी पोहोचेपर्यंत रात्रीचा एक. हजेरी लागते एका दिवसाची, पण दुसऱ्या दिवशीची सकाळही तिच्यातच गेलेली असते. उलट बाजूने पाहिले तर या कामाची एक सोय दुकानाच्या नोकरीत नाही. लग्नाच्या तिथी पंचांगात आधीपासून छापलेल्या असतात. महिन्यात काम कोणत्या दिवशी असेल आणि कोणत्या दिवशी नसेल याचा अंदाज एप्रिलमध्येच येतो. रोज सकाळी सातच्या क्लासशी हे काम जुळत नाही. दुपारच्या क्लासशी, किंवा बिनतिथीच्या दिवसांत बसवलेल्या अभ्यासाशी चांगले जुळते.

समाजकार्याची घडण तिसरीच. ते थोडे थोडे रोज करायला जावे तर जाण्यायेण्यातच संपते. विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे बरेचसे स्वयंसेवी काम एकाच सलग तुकड्यात नीट होते, हे त्यासाठी झालेल्या जुन्या व्यवस्थांवरून दिसते. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे नियमित काम असते, आणि त्याच्या जोडीला सात दिवसांचे निवासी शिबिरही ठेवलेले असते. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्याच्या मध्यावर आठवडाभर भरत आली आहे. अशा ठिकाणी आठ दिवस राहून जे कळते, ते शहरातल्या संस्थेत आठ रविवार दोन-दोन तास जाऊन क्वचितच कळते.

यावरून वेळापत्रक कोणत्या क्रमाने आखायचे ते निघते. आपण नेमके उलट करतो: आधी नोकरी धरतो, मग तिच्या उरल्यासुरल्या वेळात क्लास कोंबतो आणि शेवटी समाजकार्याला जागा शोधतो. जो तुकडा हलवता येत नाही आणि तोडताही येत नाही, तो सर्वांत आधी दिनदर्शिकेवर टाकावा. शिबिराचे आठ दिवस, पुरवणी परीक्षेचा दिवस, घरातले लग्न, वाळवण, गावाकडची मशागत, हे सगळे या वर्गातले. दुसरा मान अभ्यासाच्या रोजच्या बैठकीचा. ती शक्यतो कामावर जाण्याआधीच उरकावी, कारण संध्याकाळच्या तासावर मालकाचा, पाहुण्यांचा आणि थकव्याचा हक्क आधी लागतो. हे दोन्ही बसले की जो वेळ उरेल तो नोकरीला विकावा. काम धरताना तारखा पहिल्याच दिवशी बोलाव्यात: ‘काका, शेवटचा पेपर झाला की चौथ्या दिवसापासून मी येतो. पंधरा ते बावीस मे मी नाही. बाकी रोज दहा ते सात.’ असे आधी सांगितलेले आठ दिवस बहुतेक दुकानदार सोडतात. चौदा तारखेला संध्याकाळी सांगितलेले आठ दिवस कोणीच सोडत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. नोकरीची सुरुवात तारखेने न सांगता पेपरच्या हिशेबाने सांगायची ती यासाठी, की विद्यापीठाचे वेळापत्रक आयत्या वेळी पुढे जाते हे आपल्याकडे दुकानदारांनाही ठाऊक आहे. कायद्याने कामाची मर्यादा साधारणपणे आठवड्याला 48 तासांची आहे आणि जादा तासांना दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो, हेही माहीत असू द्या. सुट्टीतल्या मुलाला हे कोणी आपणहून सांगायला येत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो खराही आहे: ज्याला जूनची फी याच नोकरीतून भरायची आहे, त्याने नोकरीला तिसऱ्या क्रमांकावर ठेवायचे हे कोणत्या तोंडाने सांगता? ज्याच्या घरात पैशाची निकड आहे त्याने नोकरी पहिली धरावी, यात वाद नाही. पण अशा वेळीही घडणीचा विचार सुटत नाही, उलट जास्त लागतो. त्याच्या हाती रोजचा एकच तास असेल, तर तो तास अभ्यासाचा आणि सकाळचा. समाजकार्य त्याने या वर्षी सोडून द्यावे आणि त्याची खंतही बाळगू नये. घर चालवायला हातभार लावणारा मुलगा समाजाचे काही देणे थकवून बसलेला नसतो. एक हिशेब मात्र त्यानेही करावा. एटीकेटीचा विषय राहिला असेल आणि तो न सुटल्याने वर्ष अडकणार असेल, तर सहा आठवड्यांच्या पगारासमोर एका वर्षाची फी, खोलीभाडे, मेस आणि वर्षभर लांबलेली पहिली खरी नोकरी असे सगळे मांडावे. ही आकडेमोड प्रत्येकाची वेगळी येईल. अनेकांच्या बाबतीत क्लासचे पारडे जड ठरेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवले आणि पुढे विद्यापीठांनीही त्या योजना चालवल्या, त्यामागची एक गोष्ट आपण विसरतो. त्यात कामाची जागा शिक्षणाच्या जागेला लागून होती. मुलगा शेतात, ग्रंथालयात किंवा कार्यालयात राबत होता, पण तास संपल्यावर वर्गात पोहोचायला त्याला शहर ओलांडावे लागत नव्हते. निकड असणाऱ्याने म्हणूनच दोन कामांतून निवडताना पगाराबरोबर अंतरही पाहावे. महिन्याला हजार रुपये जास्त देणारे पण रोज दोन तास प्रवासात घालणारे काम बहुधा तोट्याचेच ठरते.

दुसरा आक्षेप समाजकार्यात मुरलेल्या लोकांकडून येतो. आठ दिवस येऊन जाणाऱ्या स्वयंसेवकाचा उपयोग कितीसा, ही तर श्रमदानाची सहल झाली, असे ते म्हणतात. त्यांच्या अनुभवाला मान द्यायला हवा, कारण फावडे धरून फोटो काढून जाणारे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. पण पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत काय झाले ते आठवा. 2016 ते 2019 या काळात दुष्काळी तालुक्यांतली गावे भर उन्हाळ्यात सुमारे 45 दिवस चर खणत, बांध घालत होती, आणि एक मे रोजी शहरांतून लोक एका दिवसाच्या श्रमदानाला जात होते. या एका दिवसाच्या पाहुण्यांनी पाणलोटाचे काम उभे केले असे कोणी म्हणणार नाही. पण गावात रोज काम करणारी माणसे होती, आखणी झालेली होती, कुठे किती खोल खणायचे हे ठरलेले होते, म्हणून पाहुण्याचे चार तासही कारणी लागले. तेव्हा प्रश्न तुम्ही किती दिवस देता याच्याइतकाच, तिथे तुमच्या आधी आणि नंतर कोण असते, हाही आहे. संस्था निवडताना एवढेच विचारा: मी गेल्यावर हे काम कोण पुढे नेईल? उत्तर नीट मिळाले तर आठ दिवस बिनधास्त द्या. ‘तुम्ही या तर, मग बघू’ असे उत्तर मिळाले तर दुसरी जागा शोधा. मुलांना शिकवण्याचे काम मात्र या नियमात बसत नाही. वस्तीतल्या मुलांना आठ दिवस लळा लावून नवव्या दिवशी नाहीसे होणे वाईटच. शिकवायचे असेल तर आठवड्यातून एकच दिवस घ्या, पण तो वर्षभर चालवा.

तीन कामांची वाटणी करताना एक पळवाट आहे आणि ती पूर्ण कायदेशीर आहे. एकच तास दोन खात्यांत जमा करता येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीची जी चौकट जाहीर केली, तिच्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची तरतूद आहे. त्या काळात महाविद्यालय राहिलेले विषय किंवा जादा विषय जलद गतीने शिकवू शकते आणि इंटर्नशिपही करून घेऊ शकते. असे वर्ग घ्यायचे की नाहीत हे शिक्षक आणि विद्यार्थिसंख्या पाहून महाविद्यालयाने ठरवायचे असते, म्हणून मार्चमध्येच विभागात विचारणा करा. दहा-बारा जणांनी मिळून लेखी अर्ज दिला तर त्याचा विचार होण्याची शक्यता वाढते. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला 30 तास लागतात, म्हणजे चार क्रेडिटला 120. रोज आठ तासांनी हे पंधरा दिवसांचे काम. शिवाय ही इंटर्नशिप उद्योगातच करावी असे नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, आरोग्यसेवा यांसारख्या ठिकाणीही ती होऊ शकते. गावातल्या ग्रामपंचायतीत पाणीपट्टीच्या नोंदी लावून देणारी वाणिज्य शाखेची मुलगी अशा रीतीने गावाचे कामही करते आणि क्रेडिटही मिळवते. अट एकच, विभागप्रमुखांची लेखी संमती काम सुरू होण्याआधी हातात असावी. आधी काम आणि मग संमती या क्रमाने गेलेल्यांचे तास पुष्कळदा वाया जातात.

या पळवाटेचा गैरफायदा घेणारेही आहेत, त्यांच्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. ‘अनुभव मिळेल’ असे सांगून दोन महिने फुकट राबवणाऱ्या जागा दरवर्षी वाढताहेत. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या कामातून कोणी नफा कमावत असेल, तर ती नोकरी आहे आणि तिचे पैसे मिळायला हवेत, मग तिला नाव काहीही द्या. परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी तर इथे दुप्पट सावध राहावे. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते आणि सुट्टीत पूर्णवेळ. आवाराबाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते. एरवी पगार देऊन करून घेतले जाणारे काम ‘स्वयंसेवा’ म्हणून फुकट केले, तरी ते नियमबाह्य ठरू शकते. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

तिसरा आक्षेप आयांचा असतो: पोरांनी सुट्टीत थोडी झोप काढायची की नाही? काढायची. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते असे निद्रातज्ज्ञ सांगतात; सगळे काही ‘जमवणारी’ मुले पहिली कात्री तिलाच लावतात आणि मग सकाळच्या अभ्यासात डुलक्या घेतात. विश्रांतीलाही सलग तुकडाच लागतो. सत्र सुरू होण्याआधीचे चार-पाच दिवस पूर्ण कोरे ठेवा आणि नोकरीची शेवटची तारीख त्याआधीची सांगा. परीक्षा पुढे गेली, आजारपण आले, तर हेच दिवस उपयोगी पडतात. काहीच आले नाही तर झोपा. आणि दोनच गोष्टी धड होत असतील तर तिसरी बिनदिक्कत गाळा. मुलाखतीत ‘तिथे नेमके काय केलेस?’ हा एक प्रश्न येतोच, आणि तीन अर्धवट कामे केलेल्याची तिथेच तारांबळ उडते.

राहता राहिली कागदपत्रे. त्यांना वेळ लागत नाही, म्हणूनच ती राहतात. तासांची नोंद एका साध्या वहीत ठेवा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, केलेले काम आणि समोर सही. सही आठवड्याच्या आठवड्याला घ्या. पगार हप्त्याने मिळणार असेल तर त्याची नोंदही त्याच पानावर घ्या. संस्थेचे प्रमाणपत्र निघायच्या दिवशीच मागा, त्यावर एकूण तास आणि कामाचे स्वरूप लिहून घ्या, आणि क्रेडिटसाठी महाविद्यालयाचा ठरावीक नमुना असेल तर तो पहिल्याच दिवशी सोबत न्या. जूनमध्ये पाऊस लागला की शिबिराचे कार्यकर्ते पेरणीच्या आणि रोपांच्या कामाला पांगलेले असतात, दुकानदार शाळेच्या गर्दीत असतो, आणि महाविद्यालयात प्रवेशाच्या खिडकीसमोर रांग असते. एका सहीसाठी तीन चकरा तेव्हाच होतात.